आमची वाटचाल : फाइल मोफत, छपाईचे पैसे

आमचा मूळ धंदा डीटीपी आणि ऑफसेट छपाईचा. सांगलीत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून घर चालत आलं, आजही चालतं. त्याच दुकानातून गेली काही वर्षं आम्ही प्राथमिक शाळांसाठी गणित आणि विज्ञानाच्या मराठी कार्यपत्रिका तयार करतो आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देतो. कोणीही उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, बदलाव्यात, विकल्या तरी चालेल. अटी दोनच : श्रेय द्यायचं आणि बदललेली प्रतही त्याच परवान्यानं पुढे द्यायची. ‘मग तुमच्या हातात काय राहतं?’ हे पाहुण्यारावळ्यांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. त्याचं सविस्तर उत्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात आमच्या काउंटरवरच झाली. परीक्षा जवळ आली की जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई हातानं लिहिलेले प्रश्न टाइप करून घ्यायला येत. एका शाळेचे अपूर्णांक टाइप करून झाले की दुसऱ्या शाळेचे, जवळपास तेच, पुन्हा टाइप व्हायचे. पैसे बहुतेक वेळा शिक्षकाच्या खिशातले. समग्र शिक्षा योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपयांचं संयुक्त अनुदान मिळतं. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. सरावसाहित्याला त्यातून उरणार काय? माझे भागीदार निवृत्त गणित शिक्षक, त्यांना सगळे सरच म्हणतात. त्यांनी सरळ हिशेब मांडला : हे काम एकदाच चांगलं करू, शिक्षकांकडून तपासून घेऊ आणि फाइल खुली ठेवू. टायपिंगचे जे चार पैसे जातील ते छपाईतून परत येतील.

परवाना कोणता घ्यायचा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. व्यापारी वापराला मनाई करणारा परवाना घ्या, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. जतकडच्या एखाद्या गावात बाई आमची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातात. तो दुकानदार पानामागे पैसे घेतो. हा व्यापार झाला की नाही? वकिलाला विचारावं लागेल असा प्रश्न आम्हाला त्या बाईंच्या पुढ्यात टाकायचा नव्हता. म्हणून विक्रीचीही मोकळीक ठेवली. पीडीएफबरोबर बदल करता येणारी मूळ फाइल देतो, आणि मजकूर ‘मुक्त’ नावाच्या, खुल्या परवान्याच्या युनिकोड फॉन्टमध्ये जुळवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला हा फॉन्ट नसता, तर प्रत्येक शाळेला आधी फॉन्टचाच खर्च सांगावा लागला असता.

मोफत द्यायचं आणि टिकायचंही, हे इतरांनी कसं साधलं ते पाहिलं. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठानं 2001 साली आपले अभ्यासक्रम खुले करायचं जाहीर केलं, तेव्हा पाठीशी ह्यूलेट आणि मेलन या दोन प्रतिष्ठानांचा पैसा होता. तसा आधार आमच्यासारख्याला कुठून मिळणार? अमेरिकेतल्या फ्लॅट वर्ल्ड नॉलेज या 2007 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीनं कॉलेजची पाठ्यपुस्तकं ऑनलाइन फुकट आणि छापील विकत, अशी सुरुवात केली आणि 2013 पासून फुकट वाचनच बंद केलं. ही गोष्ट मी बारकाईनं वाचली, कारण वरवर ती आमच्याच धंद्यासारखी आहे. कॉलेजचा विद्यार्थी स्क्रीनवर वाचून भागवू शकतो. आमच्या तिसरीतल्या मुलाला मात्र पेन्सिलीनं लिहायला कागद लागतोच, म्हणून आमची छापील मागणी फाइलमुळे घटत नाही. आपल्याकडच्या एनपीटेलची, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची, रीतही शिकण्यासारखी वाटली. तिथे व्याख्यानं सगळ्यांना मोफत, पण प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर फी. दक्षिण आफ्रिकेतल्या सियावुला या कंपनीची गणित-विज्ञानाची खुली पुस्तकं 2012 मध्ये तिथल्या सरकारनंच छापून शाळांत वाटली, आणि कंपनी ऑनलाइन सरावाची सेवा विकते. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसली. प्रतीवर किंमत लावायची नाही, तिच्या आजूबाजूचं जे काम कोणीतरी करावंच लागतं त्याचे पैसे घ्यायचे.

आमच्या बाबतीत ते काम म्हणजे आधी छपाई. कार्यपत्रिकांचा पन्नास पानांचा संच वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी झेरॉक्स केला, तर ऑफसेटच्या बऱ्याच पुढे खर्च जातो. ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा-बारा शाळांची मागणी एकत्र आली की प्रतीमागचा दर उतरतो. म्हणून फाइल फुकट हातात असूनही शाळा आमच्याकडून छापून घेतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे ग्राहकाला बरं. पण कागदावर आणि शाईवर आम्ही भरलेला कर परत मिळत नाही, तो दरात धरावा लागतो. ही बाब नव्यानं या कामात येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी.

दुसरी अडचण वेळेची. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, म्हणजे संच एप्रिल-मेमध्ये छापून तयार हवेत, आणि तीच आमची लग्नसराई. शिवाय शाळेच्या खात्यावर अनुदान कधी जमा होईल याचा भरवसा नसतो. म्हणून फेब्रुवारीतच मागणी नोंदवून घेतो, निम्मी रक्कम आगाऊ घेतो, उरलेली हप्त्यानं. ज्या शाळेला तेही जमत नाही तिला एखादा माजी विद्यार्थी, गावची पतसंस्था किंवा दूध संस्था गाठून देतो. त्यांचं नाव मुखपृष्ठाच्या मागे छापतो. आतल्या पानांवर कोणाचीही जाहिरात नाही, हे पहिल्यापासून पाळलंय.

आमची फाइल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रेसवाल्यांनीही संच छापून विकले आहेत. लोक हळहळतात, मला आनंद होतो. तिथवर आमचा टेम्पो पोहोचलाच नसता.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाबद्दल, सगळेच विचारतात. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. पण अंमलबजावणीसाठी हा पैसा सीएसआर-1 ही सरकारी नोंदणी असलेल्या ट्रस्टसारख्या संस्थांनाच देता येतो, आमच्यासारख्या भागीदारी फर्मला नाही. आम्ही अशा ट्रस्टला दरपत्रक देतो आणि काम करून बिल लावतो. एक अट मात्र दरपत्रकातच लिहितो : तयार झालेला मजकूर खुलाच राहील. ती मान्य नसेल तर काम घेत नाही. एकदा चांगली मोठी ऑर्डर या अटीवर सोडली. तो महिना ओढाताणीचा गेला, पण त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

सगळ्यात अवघड पैसा लागतो तो साहित्य चालू ठेवायला. नवं काही करायचं म्हटलं की देणारे भेटतात. जुनं दुरुस्त करायला कोणी देत नाही. बालभारतीनं 2023-24 पासून पुस्तकांत वह्यांची पानं घालून पुस्तकांचे वेगवेगळे भाग केले, पुढे ते बंद झालं. 2025-26 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीचं पुस्तक बदललं, आता बाकीच्या इयत्ता टप्प्याटप्प्यानं बदलताहेत. प्रत्येक वेळी धड्यांचा क्रम फिरतो आणि आमच्या पत्रिका जागा बदलतात. सरांना पुन्हा बसावं लागतं, तपासणाऱ्या शिक्षकांना मानधन द्यावं लागतं. ते देतोच, कारण फुकट राबवून घेतलेलं माणूस किती दिवस टिकणार? यासाठी विकलेल्या प्रत्येक संचातून ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात जातो, लग्नपत्रिकांच्या हंगामातला थोडा नफाही तिथेच टाकतो. त्या खात्याला कागदाच्या उधारीसाठीसुद्धा हात लावत नाही. वर्षाअखेर जमाखर्च संचाच्या शेवटच्या पानावर छापतो. तो वाचून पुण्या-मुंबईतले, काही परदेशातले मराठी वाचक दरमहा थोडी रक्कम पाठवू लागले. रक्कम लहान, पण नियमित. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा तिच्यावर वर्षाचं काम आखता येतं.

सध्या मेळघाटातलं काम हातात आहे. धारणी भागातले काही शिक्षक पहिली-दुसरीच्या पत्रिका कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेत आणताहेत. त्यांना आमची परवानगी मागायची गरजच नव्हती, त्यांनी थेट काम सुरू करून मग फोन केला. मांडणी आणि छपाई आमच्याकडे आली, तिचा खर्च तिथला एक ट्रस्ट देतोय. चित्रांत सांगलीच्या हळदीऐवजी मोहाची फुलं आली आहेत. पहिला मसुदा वर्गात वापरून झाला की दुरुस्त्या येतील, त्या घालून फाइल सगळ्यांसाठी खुली करू आणि छपाईचा दर त्यानंतरच्या आठवड्यात कळवू.