तुम्ही विचारलंत म्हणून : आर्थर वाचायचा तर कुणाचा?

ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर, त्याच्यावरच्या पुस्तकांनी घरातलं एक अख्खं कपाट अडवलंय, त्यामुळे येणारा-जाणारा हमखास विचारतो, "यातलं तुमचं आवडतं कुठलं? आणि त्यावर सिनेमा आहे का?" सिनेमा निघाला तर पुस्तक वाचायचे कष्ट वाचले, असा सरळ हिशेब.

आवडता गवेन, आर्थरचा एक सरदार. आर्थर त्याच्या गोष्टीत यजमानापुरता आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कुणा अनाम कवीनं लिहिलेलं हे अडीच हजार ओळींचं इंग्रजी काव्य. हस्तलिखित एकच उरलंय, आणि तेही १७३१ साली ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीतून वाचलेलं.

नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवा स्वार घोड्यासकट दरबारात शिरतो. कुऱ्हाडीचा एक घाव माझ्यावर घाला, वर्ष आणि एक दिवस झाला की मी तो परत करीन, एवढंच त्याचं म्हणणं. आर्थरचा भाचा गवेन पुढे होतो, मुंडकं उडवतो. स्वार ते केसांना धरून उचलतो, आणि ते मुंडकंच गवेनला भेटीची आठवण देतं!

गवेन शब्दाला जागून निघतो. वाटेत एका गढीत मुक्काम पडतो. दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी यजमानाला द्यायचं, असं ठरलेलं. यजमानीणबाई त्याला एक हिरवा पट्टा देतात, म्हणतात हा बांधलेल्याला कुणी मारू शकत नाही. तेवढा तो लपवतो. मग ठरल्या जागी मान वाकवतो. कुऱ्हाड खाली येताना बघतो आणि त्याचे खांदे आपसूक आक्रसतात. स्वार डाफरतो, तुझ्या वेळी मी हललो होतो का? गवेनचं उत्तर मला भारी आवडतं : पण माझं डोकं पडलं तर मला ते परत बसवता येत नाही! तिसऱ्या घावाला मानेवर नुसता ओरखडा उमटतो, लपवलेल्या पट्ट्याबद्दल, कारण गढीचा यजमान म्हणजे हाच स्वार. गवेन लाजेनं लाल होऊन घरी येतो, तर दरबार खो खो हसतो आणि सगळेच हिरवे पट्टे बांधायला लागतात.

यावर सिनेमा आहे, डेव्हिड लाउरीचा, २०२१चा. गवेन झालाय देव पटेल. पळून गेलो तर पुढचं आयुष्य कसं जाईल, ते शेवटी जवळजवळ एकही शब्द न बोलता दाखवलंय. सिंहासन, युद्ध, मुलगा, सगळं. मग तो स्वतःच्या हातानं पट्टा सोडतो. कुऱ्हाड पडते की नाही, ते दाखवलेलं नाही. सुंदर आहे, पण तो दरबारी हशा गेला, याची मला चुटपुट लागून राहते.

चकचकीत आर्थर हवा असेल तर जॉन बूरमनचा १९८१चा सिनेमा बघा. त्यात आर्थरचा बाप उथर बिछान्यातसुद्धा चिलखत घालून असतो. (अंगाला टोचलं नसेल का?) रोबेर ब्रेसाँच्या १९७४च्या सिनेमात चिलखत नुसतं खडखडतं आणि शेवटी रानात भंगाराच्या ढिगासारखं पडतं. मी ब्रेसाँच्या बाजूची.

पोरांबरोबर बसायचं तर माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळींचा सिनेमा, १९७५. घोड्यांना पैसे नव्हते म्हणून नोकर मागून करवंट्या वाजवत चालतो आणि राजा घोड्यावर बसल्याचा आव आणतो. किल्ल्यावरचा पहारेकरी राजाचं नाव-गाव बाजूला ठेवून विचारतो, या थंड मुलखात नारळ आला कुठून? कोकणातल्या माणसालाही हेच आधी सुचेल.

इंग्लंडात विंचेस्टरला भिंतीवर एक प्रचंड गोल टेबल टांगलेलं आहे, साडेपाच मीटर व्यासाचं. लाकूड तेराव्या शतकातलं, रंग आठव्या हेन्री राजाच्या काळातले, कडेनं चोवीस सरदारांची नावं. टेबल गोल असलं की मानाची जागा उरत नाही, ही वास नावाच्या कवीनं ११५५ साली सांगितलेली मूळ कल्पना. पण भिंतीवर उभं केल्यावर त्याला वरची बाजू आली, आणि तिथे आर्थर रंगवलाय. वळण म्हणे हेन्रीच्याच चेहऱ्याचं. यालाही मी पुनर्कथनच धरते, वशिल्याचं.

आता, सुरुवात कुठून? टी. एच. व्हाइट, चारही भागांचं १९५८चं पुस्तक, 'द वन्स अँड फ्यूचर किंग'. माझी एक प्रत नेणाऱ्यानं परत केली नाही, म्हणून आता दोन ठेवल्यात. व्हाइटनं कथा घेतली थॉमस मॅलरीकडून. मॅलरीनं ती कैदेत लिहिली आणि कॅक्स्टन या मुद्रकानं १४८५ साली छापली. दगडातली तलवार उपसेल तो राजा, पण ते उपसणं हे मॅलरीकडेही एक किरकोळ काम आहे : मानलेला भाऊ के, त्याची तलवार मुक्कामी राहिली, पोराला, म्हणजे आर्थरला, आणायला पिटाळलं, घराला कुलूप, म्हणून त्यानं वाटेत दिसली ती घेतली. व्हाइट त्या पोराला आधी मासा करतो, मुंगी करतो, मग राजा.

व्हाइटच्या पुस्तकात शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री तंबूत म्हातारा आर्थर टॉम नावाच्या एका पोराला बोलावतो. उद्या काय करणार? धनुष्य आहे, खूप माणसं मारीन, पोर उत्साहानं सांगतं. राजा त्याला लढायची बंदी करतो : घोडा घे, घरी जा, आणि हे सगळं लोकांना सांगत राहा. पोराचं गाव वॉरिकजवळचं न्यूबोल्ड रेव्हेल. मॅलरीचंही तेच.