ट्विलवर भरलेल्या कैऱ्या

लेकीच्या बिनबाह्यांच्या जॅकेटसाठी इचलकरंजीहून आणलेला ट्विलचा बदामी कटपीस दोन वर्षं कपाटात पडून होता. माझं आजवरचं भरतकाम केंब्रिक नाहीतर पॉपलिन अशा पातळ सुती कापडांवर. त्यावर दाट भरलं की नक्षीभोवती चुण्या पडतात, आणि रोजच्या धुण्यात टाके शाबूत राहून कापडच आधी विरतं. रोज अंगावर चढणाऱ्या कपड्याला ते चालणार नव्हतं.

ट्विल म्हणजे जीन्सच्या पँटची वीण, बारीक तिरक्या रेघांची. उभा धागा दोन-तीन आडव्या धाग्यांवरून जातो, एकाखालून निघतो. शेजारचा धागा तेच करतो, पण एक घर सरकून. दर घराला वर-खाली व्हावं लागत नसल्यामुळे धागे जवळजवळ बसतात. त्यामुळे कापड दणकट होतं आणि तरी अंगावर छान पडतं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पलंगाच्या पडद्यांवर लोकरीनं मोठमोठी झाडं भरत, तीही सुती-लिनन ट्विलवर. त्यातले काही पडदे आजही संग्रहालयात आहेत.

पहिल्यांदा मात्र मी कापड न धुताच बसले. उजव्या बाजूला लाल कैरीची नक्षी, हिरवी वेल, पंधरा दिवसांचं काम. पूर्ण झाल्यावर धुतलं तर कापड आटलं, टाके होते तेवढेच राहिले, आणि सपाट कैरी फुगून वर आली. शिवाय लाल दोऱ्यानं रंग सोडला. तेवढं बरं की मी ते वाळू दिलं नाही. गार पाण्यात बुडवून ठेवलं, पाणी गुलाबी झालं की बदललं. सातव्या-आठव्या पाण्याला ते स्वच्छ निघालं. कडेला फिकट छटा राहिलीच. मिठानं रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, मीही मूठभर घातलं होतं, काही उपयोग झाला नाही. आता प्रत्येक गडद दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघते, मगच सुईत ओवते.

दुसऱ्यांदा कापड कोमट पाण्यातून दोनदा काढलं, वाळवलं, इस्त्री केली. बटरपेपरवरच्या नक्षीला सुईनं भोकं पाडून खाका केला, तो कापडावर ठेवून त्यावरून नीळ-रॉकेलचा बोळा फिरवला, की नक्षी कापडावर उमटते. ट्विलमध्ये सुई सहज शिरत नाही. बारीक पण टोकदार सुई आणि मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे बोटाची टोपी, नाहीतर तासाभरात बोट हुळहुळतं. कापड तिरकं ओढलं की ताणतं, म्हणून भरतकामाच्या रिंगमध्ये धरताना उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनंच ओढायचं. उठताना रिंग काढून ठेवायची, तिचा वळ सहजी जात नाही.

खरी गंमत वेलीनं दाखवली. दांडीटाक्यानं, म्हणजे एकाला एक लागून तिरके टाके घेत, वेल नेत होते. एका वळणावर ती कापडाच्या रेघेला समांतर झाली आणि टाके चक्क दोन रेघांमधल्या खाचेत बसले, वेल तुटल्यासारखी दिसायला लागली. रेघेला आडवे गेलेले टाके मात्र मोत्यासारखे वर उभे. चार बोटं उसवली आणि तेवढ्या भागात दोऱ्याच्या दोन पदरांऐवजी तीन पदर घेतले, तेव्हा वेल सलग झाली. कैरीचं पोट भरताना हे लक्षात ठेवून टाके रेघेच्या उलट्या तिरकसात टाकले. इतकं भरीव काम माझ्या हातून आधी कधीच झालं नव्हतं, आणि आजूबाजूला एक चुणी नाही!

दोन पावसाळे झाले, जॅकेट कॉलेजला जातंय. मशीनमध्ये टाकायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय. उलटं करून गार पाण्यात, सौम्य साबणानं किंवा रिठ्यानं, ब्रश न लावता धुते. पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत पसरते. इस्त्री किंचित दमट असताना, जाड टॉवेलवर भरलेली बाजू खाली ठेवून, पाठीमागून. म्हणजे टाके दबून चपटे होत नाहीत. बॅगेच्या पट्ट्यानं खांद्यापाशी एक पान घासलं होतं. प्रत्येक रंगाची उरलेली लडी मी डब्यात जपून ठेवलीय, त्यातल्याच हिरव्यानं ते पुन्हा भरलं.