पाय सुटला पाहिजे

नवी रोड बाइक घरी आली की आठवड्याभरात फोन येतो. बाइकबरोबर पेडल आलेलंच नसतं, किंवा आलेलं असतं ते घरापर्यंत आणण्यापुरतं. "ताई, क्लिपलेस कुठलं घेऊ? पुढच्या वर्षी गोव्याची ट्रायथलॉनही करायचीय." तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

माझा उलटा प्रश्न असतो: एका राइडमध्ये तुमचा पाय किती वेळा जमिनीला लागणार? क्लिपलेस पेडलमध्ये बुटाच्या तळाला बोल्टनं लावलेला तुकडा, म्हणजे क्लीट, अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. हे पेडल पाय धरतं कसं हे सगळेच बघतात. ते सोडतं कसं, हे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे.

एका 300 किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड), रात्री, हायवेवरच्या चहाच्या टपरीपुढं थांबताना मी उजवी टाच बाहेर वळवली. एरवी टक् आवाज होऊन पाय मोकळा होतो. त्या दिवशी बूट वळला, पण क्लीट जागची हलली नाही. पुन्हा जोर लावला, तेच. डावा पाय आधीच सोडला होता, म्हणून टपरीच्या बाकड्याला धरून उभी राहिले, बुटाचा पट्टा उघडला आणि मोज्यातला पाय बाहेर काढला. बूट पेडलला तसाच लटकलेला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर क्लीटच्या दोन बोल्टांपैकी एक गळून पडला होता. एकाच बोल्टवर क्लीट स्वतःभोवती फिरते, मग टाच कितीही वळवा, पेडलच्या स्प्रिंगवर जोर येतच नाही. नवी क्लीट बसवल्यावर पहिल्या एक-दोन राइडनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, ते माझ्याकडून राहिलं होतं.

क्लिपलेस हे नाव नवख्यांना गोंधळात टाकतं. पूर्वी पेडलला पुढं पिंजरा आणि चामडी पट्टा असे, त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. पट्टा आवळलेला असला की सुटण्यासाठी वाकून हातानं सैल करावा लागे. फ्रान्सच्या लूक कंपनीनं 1984 साली स्कीच्या बुटाचा खटका पेडलमध्ये आणला आणि 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोनं त्याच पेडलांवर जिंकली. टो-क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस. म्हणजे या पेडलची खरी करामत सुटण्यातच होती.

आता निवड. शिमानो कंपनीचं एसपीडी पेडल घेतलंत तर क्लीट लहान, धातूची, दोन बोल्टांची. ती बुटाच्या तळव्यात खोल बसते, त्यामुळं उतरून नीट चालता येतं, आणि बहुतेक एसपीडी पेडल दोन्ही बाजूंनी लागतं. शहरातले सिग्नल, बीआरएमचे कंट्रोल म्हणजे वाटेतले हजेरीचे थांबे, पावसाळ्यातला चिखल या सगळ्याला हेच बरं. शिमानोच्याच एसपीडी-एसएल किंवा लूकच्या किओ पेडलची क्लीट मोठी, प्लास्टिकची, तीन बोल्टांची. तळपायाला रुंद आधार मिळतो, चार-पाच तासांनंतरही एकाच ठिकाणी आग होत नाही. पण पेडल एकाच बाजूनं लागतं, गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो आणि चालून चालून क्लीट झिजते. ज्यांची राइड पहाटे निघून एखाद-दुसऱ्या थांब्यात संपते, त्यांनी हे घ्यावं. वेग किती वाढेल, असं विचारू नका. उभं राहून घाट चढताना आणि खड्ड्यांतून जाताना पाय जागेवर राहतो, तेवढा फायदा मला पुरतो.

गुडघ्यांसाठी मात्र फ्लोट नीट समजून घ्या. फ्लोट म्हणजे अडकलेल्या अवस्थेतही टाच थोडी इकडंतिकडं हलण्याची मुभा. एसपीडी-एसएलच्या पिवळ्या क्लीटला 6 अंश, निळीला 2, लालला शून्य. लूक किओत काळीला शून्य, राखाडीला 4.5 आणि लालला 9. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यांत घट्ट, दुसरीची सगळ्यांत मोकळी! दुकानात नुसतं "लाल द्या" म्हणू नका. सुरुवात पिवळीनं किंवा राखाडीनं करा, आणि पेडलचा टेन्शन स्क्रू (क्लीट किती घट्ट धरायची ते ठरवणारा) पहिले काही महिने सगळ्यांत सैल ठेवा.

गोव्याच्या ट्रायथलॉनचं म्हणाल तर तिथल्या आयर्नमॅन 70.3 या स्पर्धेत 1.9 किलोमीटर पोहून, मिरामारच्या वाळूतून येऊन 90 किलोमीटर सायकल मारायची आहे. अनुभवी लोक बूट आधीच पेडलला अडकवून, रबर बँडनं आडवे बांधून ठेवतात, माउंट लाइनपर्यंत (जिच्या पुढंच सायकलवर बसता येतं ती रेष) अनवाणी पळतात, आणि पेडल मारताच रबर तुटतं. बघायला फार सुंदर दिसतं. त्यात वाचतात थोडे सेकंद, आणि ते महिनोन्‌महिने मैदानात सराव केलेल्यांचे. पहिल्या स्पर्धेत तुम्ही ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, बसा, बाटलीतल्या पाण्यानं तळव्यांची वाळू धुवा, बूट घाला, हेल्मेटचा पट्टा लावा, मगच सायकलला हात लावा. लाइनपर्यंत बूट घालूनच जायचंय, म्हणून तिथंही मी नवख्यांना एसपीडीच सांगते.

पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तेवढं लक्षात ठेवा. माझ्या सॅडल बॅगेत आता 4 मिलिमीटरची ॲलन की आणि दोन जादा बोल्ट कायम असतात. तुमचे बूट उलटे करून तळव्याला भोकं दोन आहेत की तीन, ते मला कळवा. तोवर पेडल मागवू नका.