रात्री सातनंतरची टकटक

डिसेंबरातली गोष्ट. बाबांना जेवताना रेडिओ लागतोच, घरात टीव्ही असूनही, आणि काटा कित्येक वर्षं जळगाव आकाशवाणीच्या ९६३ वरच. तर एका रात्री त्यात टक... टक... टक सुरू झालं, साधारण सेकंदाला एक. बाबा म्हणे सेल उतरले असतील. नवीन सेल टाकले तर टकटक अजून ठणठणीत.

मी आधी घरातलेच चोर धरले. चार्जर उपटले, एलईडी बल्ब बंद केले, शेवटी मेन स्विचच पाडला, चुलीपुढे अंधारात भाकरी थापताना आई मला काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. टकटक चालूच. तसंही चार्जर-बल्बची खरखर सलग असते, हे मात्र मोजूनमापून येत होतं. मग दोन दिवसांनी डीपी उडाली, अख्खं गाव अंधारात, तरी हे सुरूच! तेव्हा ट्यूब पेटली की जे काय आहे ते बॅटरीवर चालतंय. शिवाय रोज संध्याकाळी सातच्या आसपास सुरू आणि उजाडलं की बंद, म्हणजे कुणीतरी माणूसच बटण दाबतोय.

आता शोधायचं कसं, तर रेडिओच्या पोटात फेराइटचा काळा दांडा असतो, त्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, मीडियम वेव्हचा अँटेना तोच. दांड्याचं टोक सिग्नलकडे झालं की आवाज पडतो, दांडा सिग्नलला आडवा झाला की वाढतो. आवाज कुठं पडतो ते जास्त नेमकं कळतं, म्हणून तेच बघायचं. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला, गच्चीवर रेडिओ गोल फिरवला आणि एक रेघ मिळाली. पण रेघेला दोन टोकं, एकीकडे सातपुडा, दुसरीकडे तापी! मग मारुतीच्या पारावर जाऊन दुसरी रेघ घेतली आणि दोन्ही रेघा नाल्यापलीकडच्या वावरांत छेदल्या.

तिथं पोचलो आणि सगळं गंडलं. रेडिओ कसाही फिरवा, आवाज पडेचना. अर्धा तास असाच फिरत होतो, तेवढ्यात मागून बॅटरीचा उजेड आला.

"काय करी ऱ्हायना रे भो आठे, इतली रातले?"

नाना. आणि त्यांच्या हरभऱ्याभोवती झटका मशीनची तार. घ्या! रानडुकरांसाठीचं मशीन, बॅटरीवर चालणारं, साधारण सेकंदाला एकदा काही हजार व्होल्टचा अगदी क्षणभराचा ठोका तारेत सोडणारं. चारही बाजूंनी तारच, आणि टकटक हवेत सोडणारा अँटेनाही तीच, म्हणजे मी अँटेनाला चिकटूनच उभा होतो, दिशा कुठून मिळणार.

मी सांगितलं तर नाना भडकले, "तुन्हा रेडिओना करता मी डुकरेसले वावर चारू का?" बरोबरच होतं त्यांचं. पण नुसत्या ठोक्यानं गावापर्यंत एवढा आवाज यायला नको, कुठंतरी ठिणगी उडत असणार. ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकदम कचरा, मार्कोनीच्या काळात तर रेडिओ ठिणगीवरच चालायचा. मग रेडिओ बंद करून बॅटरी विझवली आणि दोघं कान देऊन बांधाबांधानं चाललो. नाल्याकडच्या कोपऱ्यावर सापडलं. लोखंडी अँगलवर तार बांधताना मधे घातलेला ठिबकच्या नळीचा तुकडा उन्हानं तडकलेला, दवानं ओला, आणि तिथं निळी ठिणगी, टक, टक.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र सिग्नल यायचे, २०१५ मध्ये कळलं की तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार चालू असतानाच उघडलं की ते येतात. त्यामानानं आमचा शोध आठवड्यात उरकला.

नळीचा नवा तुकडा घातला आणि टकटक जवळपास गेली. गंमत म्हणजे डुकरं त्या कोपऱ्याच्या पुढूनच आत शिरायची, झटका सगळा तिथंच अँगलमधून जमिनीत जात होता आणि नाना दुकानदाराला शिव्या घालत होते. आता रेडिओत टकटक वाढली की मी फोन लावतो, नाना, तारेला गवत टेकलंय बघा कुठंतरी. ते म्हणतात, कोणत्या बाजूला ते सांग ना भो.