स्क्रॅम्बलर 400 घ्यायची की नाही: डाव्या चाकाने तीन शनिवार खाल्ले

काल, शनिवारी, दुपारी पावणेदोन वाजता त्या जुन्या एटीव्हीचं, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या चारचाकी बाइकचं, डावं पुढचं चाक फिरलं. चारही चाकं स्टँडवर, इंजिन आयडलच्या जरा वर, एडब्ल्यूडीचं (चारही चाकांना जोर देणारं) बटण दाबलं आणि उजव्याबरोबर डावंही एका दमात निघालं. मी हातातला पाना खाली ठेवून नुसता बघत उभा राहिलो. तीन शनिवार ह्या एका चाकासाठी गेले, म्हणून आज रविवारी बसून सगळं लिहून काढतोय.

मागच्या वेळी सांगितलं होतं तिथूनच पुढे. गाडी 1998 ची पोलारिस स्क्रॅम्बलर 400 फोर बाय फोर, मिशिगनमधल्या क्लेअरच्या पलीकडे एका शेतकरी आजोबांच्या बार्नमध्ये. मागणी 1400 डॉलरची, टायटल (मालकीचा कागद) त्यांच्या नावावर स्वच्छ, व्हीआयएन (चासी नंबर) जुळतो. मी 300 डॉलर विसार दिला आणि त्यांनी मला बार्नमध्येच गाडी उघडून बघायची मुभा दिली. असा विक्रेता पुन्हा मिळायचा नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिलं होतं, "टू-स्ट्रोकच्या नादी लागू नकोस, पिस्टन जाम होईल." भीती रास्त आहे, म्हणून इंजिनच आधी तपासलं. फुजीचं सिंगल सिलिंडर, 83 बाय 70 मिलिमीटर, म्हणजे 378 सीसी. काँप्रेशन थंड इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडून, माझ्या गेजवर 118 पीएसआय. पण टू-स्ट्रोकमध्ये काँप्रेशन अर्धीच गोष्ट सांगतं. क्रँकचं सील गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि मग पिस्टन धरतो. ते काँप्रेशन गेजवर दिसत नाही. त्यासाठी क्रँककेसमध्ये दाब भरूनच बघावं लागतं.

ह्या टेस्टचं तयार किट महाग मिळतं. मी घरातलं जुनं बीपीचं यंत्र वापरलं, तेच, रबरी फुग्याचं आणि काट्याच्या घड्याळाचं. एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्हीकडे पसरणारे रबरी बूच, ऑइल इंजेक्शनची नळी बंद, आणि दाब 250 पर्यंत. हे पाऱ्याचे मिलिमीटर, म्हणजे साधारण 4.8 पीएसआय. सील तपासायला तेवढं पुरतं, आणि काटा इतका बारीक वाचता येतो की टायरच्या गेजची गरजच उरत नाही. पहिल्या वेळी काटा मिनिटभरात 90 वर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग साबणाचं पाणी मारलं. क्रँकच्या दोन्ही बाजू कोरड्या. बुडबुडे येत होते इनटेकच्या रबरी बूटवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, केसाएवढ्या भेगेतून. नवा बूट बसवल्यावर पाच मिनिटांत काटा 250 वरून 230 वर. ह्या एका आकड्यासाठी दोन तासांचा रस्ता सार्थकी लागला. सील शाबूत आहेत.

काउंटरबॅलन्सरच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या फिरत्या वजनाच्या) ऑइलकडेही बघा, ही इंजिनं घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हे सांगणं आहे. त्याचा कप्पा वेगळा, डिपस्टिक वेगळी. वॉटर पंपाचं सील गेलं की कूलंट त्यात उतरतं आणि ऑइल दुधाळ दिसतं. लक्ष दिलं नाही तर बेरिंग जातं, आणि बेरिंग गेलं की केस फुटते. हिचं ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. बदललं.

मग आलो पुढच्या चाकांकडे.

बार्नमागे वाळूचा चढ आहे. एडब्ल्यूडी लावून वर घेतली तर हँडल सारखं डावीकडे ओढ घेत होतं. म्हणजे उजवं पुढचं चाक ओढतंय आणि डावं नुसतं सोबत चाललंय. आजोबांना हे इतकी वर्षं जाणवलं नाही ह्यात नवल नाही. चाकाच्या मधोमध असलेल्या ह्या हबची रचनाच तशी आहे. पुढचे शाफ्ट मुद्दाम चाकांच्या मानाने हळू फिरतात, त्यामुळे मागची चाकं घसरेपर्यंत पुढची मोकळीच राहतात. मागचं घसरलं की शाफ्टचा वेग चाकाला गाठतो, कॉइलच्या चुंबकाने आर्मेचर प्लेट (लोखंडी चकती) धरून ठेवलेली असते, त्यामुळे रोलर केज (रोलर धरणारा पिंजरा) मागे रेंगाळते, रोलर उतारावर चढतात आणि हब जखडतो. सपाट शेतावर ही वेळच येत नाही.

दुसऱ्या शनिवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. डाव्या स्ट्रटवरचं (पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावरचं) कनेक्टर काढलं, बटण चालू: 12.4 व्होल्ट. उजवीकडेही तेवढेच. कॉइलचा रोध दोन्हीकडे जवळपास सारखा. कुठेही तुटलेलं नाही, शॉर्ट नाही. तरी डावं चाक ढिम्म. कनेक्टर घासले, फ्यूज बदलला, बटण उघडून साफ केलं. संध्याकाळी सहापर्यंत हेच. शेवटी कंटाळून ठरवलं की कॉइलच मंद झाली असणार, आणि ऑनलाइन एका दुकानातून स्वस्तातली मागवली. त्या कॉइलबद्दल एवढंच सांगतो की तिचा व्यास खाचेपेक्षा लहान होता आणि आतला राळेचा भराव नखाने निघत होता. परत पाठवली, पोस्टेज माझ्या खिशातून. हबचे विजेचे भाग घ्यायचे तर जुन्या गाड्या मोडणाऱ्या यार्डातून अस्सल काढलेला भाग घ्यावा, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

त्या आठवड्यात मी विसार परत मागायच्या बेतात होतो. होंडा फोरमन 450 ची एक जाहिरातही जपून ठेवली होती. फोर-स्ट्रोक, उतारावर इंजिन ब्रेकिंग, हबची भानगड नाही. मनाने तिकडे निघालोच होतो.

मग साताऱ्याचे मामा. पोवई नाक्याजवळ त्यांचं गॅरेज होतं, आणि आरएक्स 100 चं इंजिन ते डोळे मिटून उघडायचे. टू-स्ट्रोकचं वेड मला तिथेच लागलं. नळकांड्यातून येणारा तो जळलेल्या 2टी ऑइलचा वास आजही आला की मी शाळेच्या दप्तरासकट त्या बाकड्यावर बसलेला असतो. काल सकाळी दहाला, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसातला, बार्नमधून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आधी इंजिन ऐकवलं. "जरा रेस दे. सोड. परत दे," असं तीनदा करायला लावलं आणि म्हणाले, "घंटीसारखं आहे की रं. पिष्टन मारत नाही." मग डाव्या चाकाचं रडगाणं सांगितलं.

"करंट येतोय म्हणतोस, तो कशानं बघितलास?"

"मीटरनं, मामा. 12.4 आहे."

"मीटर ठेव बाजूला. बल्ब लाव."

एवढंच म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख प्रकाश पडला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. तारेतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कॉइलला मात्र खरा करंट लागतो, आणि तो त्या एका धाग्यातून जाऊ शकत नाही. ट्रेलरच्या सुट्या सामानात 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होता. उजव्या कनेक्टरला लावला तर भक्क पेटला. डाव्याला लावला तर आतली तार नुसती तांबूस झाली, विझत्या उदबत्तीच्या टोकासारखी. बल्ब तसाच जोडलेला ठेवून मीटर लावला: 4.1 व्होल्ट. आठ व्होल्ट वाटेतच कुठेतरी खर्च होत होते.

मग बल्ब तसाच ठेवून हार्नेस बोटांनी दाबत, वाकवत गेलो. स्ट्रटच्या वर, जिथे हँडल वळताना तार दर वेळी दुमडते, तिथे बल्ब लुकलुकला. इन्सुलेशन वरून ठणठणीत. ब्लेडने चीर दिली तर आत तांब्याचा हिरवा भुगा, आणि दोनच धागे टिकलेले. तीन इंच तुकडा कापून काढला, नवी तार सोल्डर केली, वर हीट-श्रिंक. हे काम निळ्या-लाल क्रिंप कनेक्टरने करू नका. चिखलपाण्यात दोन सीझनमध्ये तेच हिरवं पाणी पुन्हा आत शिरतं.

बल्ब पेटला. पण चाक फिरलं का? फिरलं, पण झटके देत. धरायचं, सुटायचं, पुन्हा धरायचं. म्हणून हब उघडलाच. आतून जे निघालं ते पाहून सगळा उलगडा झाला: कुणीतरी कधीतरी जाड गिअर ऑइल भरलं होतं, तेही राखाडी चिकट मलम झालेलं. प्लेट आणि कॉइल ह्यांच्यामध्ये असला थर बसला तर चुंबकाची पकड कशी बसणार? उजव्यातही तसंच असणार, फक्त त्याला करंट पूर्ण मिळत होता म्हणून रेटून नेत होता. ह्या जुन्या हबना टाइप एफ एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घालायचं, पातळ आणि लाल. रोलर केज काढताना खाली ट्रे धरा, रोलर निसटतात. मी मोजून एका वाटीत ठेवले. प्लेट काचेवर ठेवून पाहिली, सपाट आहे. तिचे कानही झिजलेले नाहीत. हब अजून बाजूला होता तेवढ्यात बटण दाबून कॉइलसमोर दहाचा पाना धरला, तर तो हातातून खेचून घेतला. दोन्ही हब धुतले, नवे सील, एटीएफ, बंद. आणि मग पावणेदोनला ते चाक.

एक हत्याराबद्दल. फुजीचं इंजिन जपानी, त्यामुळे क्रॉस स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे आहेत. साध्या फिलिप्सने फिरवलेत तर डोकी गोल होतात. व्हेसलचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे होता, काउंटरबॅलन्सरच्या बाजूचे सगळे स्क्रू एकही न बिघडता सुटले. आरएक्सवाल्यांना हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. घ्यायची का?

विरुद्ध बाजूने दोन गोष्टी मला खऱ्या वाटतात. पहिली, उतार. बेल्टचं ट्रान्समिशन, त्यात टू-स्ट्रोक, म्हणजे थ्रॉटल सोडला की गाडी जवळजवळ मोकळी सुटते. सगळी मदार ब्रेकवर. दुसरी, ही जात संपली आहे. 2006 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) धुराच्या नियमांनी नव्या टू-स्ट्रोक ट्रेल एटीव्हींची वाट बंद केली, म्हणजे सुटे भाग वर्षागणिक जुन्या साठ्यातूनच येणार. पिस्टन किट आणि सील सहज मिळतात. हबचे भाग मात्र शोधावे लागतात.

बाजूने: मिशिगनच्या 50 इंची ट्रेलवर ही आरामात मावते, जिथे 50 इंचांहून रुंद साइड-बाय-साइडवाल्यांना (शेजारी-शेजारी सीटच्या गाड्यांना) प्रवेशच नाही. लिओटा आणि सेंट हेलनच्या बाजूची वाळू, जॅक पाइनमधले लागोपाठ उंचवटे, तिथे लागतो तो झटपट उचलणारा जोर, आणि तो 378 सीसीच्या टू-स्ट्रोककडे आहे. माझे नव्वद टक्के रस्ते असे आहेत. आवाजाचं म्हणाल तर सायलेन्सर मूळचा आहे, स्पार्क अरेस्टरसकट (ठिणग्या अडवणाऱ्या जाळीसकट), त्यामुळे 94 डेसिबलच्या मर्यादेची काळजी नाही. बाहेरचा पाइप मी बसवणार नाही.

ऑगस्टमध्ये मिशिगनच्याच ड्रमंड बेटावर जायचा बेत मात्र इथे लिहिता लिहिताच बदलतोय. तिथल्या मार्बल हेडच्या दगडी पायऱ्या उतरायच्या तर इंजिन ब्रेकिंगशिवाय आणि 27 वर्षांच्या ब्रेकवर मी लेकीला मागून यायला सांगणार नाही. आधी ब्रेकच्या होज बदलतो, कॅलिपर उघडतो. ड्रमंड पुढच्या वर्षी.

आणि एक नवीच कल्पना डोक्यात आली आहे. तो बल्ब! दोन्ही कॉइलच्या तारांवर स्ट्रटजवळ एकेक छोटा एलईडी समांतर जोडून हँडलवर आणला तर? पण एलईडीही फार कमी करंट घेतो. तार कुजली तरी... थांबा, बल्ब जोडलेला असताना व्होल्टेज चारवर आलं होतं. कॉइल जोडून किती उतरतं ते आधी मोजायचं, आणि त्याच्या जरा वरच्या व्होल्टेजखाली न पेटणारा एलईडी निवडला, झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतरच वाट देणारा डायोड) लावून, तर तो खराब तार बरोबर दाखवेल. डावा विझला की डावी तार. कुणी केलंय का हे? सर्किट असेल तर कळवा. उजवी तार त्याच वयाची आहे, ती तर न विचारताच बदलतोय.

ऑइल इंजेक्शन काढून टाकीतच मिश्रण करावं असं काही जण म्हणतात. मी ते करणार नाही. पंपाची खूण थ्रॉटल केबलशी जुळवली आहे, नळीत हवा नाही, पंप नीट ढकलतो. फक्त पहिल्या टाकीला खबरदारी म्हणून पेट्रोलमध्ये थोडं 2टी घालेन.

आजोबांना काल निघताना हिरवी तार आणि ते राखाडी मलम दोन्ही दाखवलं. त्यांनी तार बराच वेळ बोटांत फिरवली, आणि आपणहून 1150 म्हणाले. मी हो म्हटलं. उरलेले 850 येत्या शनिवारी, ट्रेलर मित्राचा. मामांना तो काढलेला तीन इंचाचा तुकडा पाठवायचाय, त्यांनी मागितलाय.