ट्रिस बफर, दुसरी खेप: पीएच ८.० खरा, पण कोणत्या तापमानाला?

रात्री बाटलीवर "ट्रिस, १ मोलर, पीएच ८.०" असं ठसठशीत लिहून झोपलो. (बफर म्हणजे पीएच सहजी हलू न देणारं द्रावण.) सकाळी सहज पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला तर ८.१९. आधी मीटरलाच शिव्या घातल्या. मग ७.०० आणि १०.०१ च्या प्रमाण द्रावणांवर परत कॅलिब्रेट केला, तर मीटर अगदी शहाण्यासारखा वागला. म्हणजे घोळ माझाच.

कृती नेहमीचीच होती. ट्रिसचा रेणुभार १२१.१४, त्यामुळे २५० मिलिलिटरसाठी ३०.२९ ग्रॅम. ते सुमारे १८० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात टाकलं. ट्रिस विरघळताना उष्णता शोषतं, त्यामुळे बीकर बाहेरून चक्क गार लागतो. मग हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. इथे सगळं उलट होतं. आम्लाचा प्रत्येक मिलिलिटर द्रावण तापवत नेतो. दहा मिलिच्या आसपास पोचलो, आकडा ८.० वर आला, मी खूश होऊन पाणी घातलं, २५० च्या खुणेपर्यंत आणलं आणि झाकण लावलं. बाटली हाताला कोमट लागत होती, हे कळत होतं. त्याचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही.

अर्थ असा: ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला बफरचा जोर सर्वांत जास्त, तो आकडा) २५° सेल्सिअसला ८.०६ च्या जवळ असतो आणि दर अंशामागे साधारण ०.०२८ ने खाली येतो. द्रावण ३२° ला असताना मी ८.० वर थांबलो. ते सात अंश निवलं, की पीकेए आणि त्याच्यामागे पीएच जवळपास ०.२ वर चढणारच. ८.१९ चा हिशेब तिथल्या तिथे लागला.

"पण माझ्या मीटरला तापमान भरपाई आहे," असं मीही म्हणत होतो. ती भरपाई इलेक्ट्रोडच्या उताराची (दर पीएचमागे किती व्होल्टेज, याची) असते. त्या क्षणी, त्या तापमानाला पीएच किती, एवढंच मीटर बरोबर सांगतो. तेच द्रावण २५° ला किती दाखवेल, हे तो सांगत नाही. निम्म्या लोकांचा गैरसमज इथेच होतो असं माझं मत, आणि परवापर्यंत मी त्या निम्म्यांत होतो.

मग एवढं नाजूक ट्रिस कशाला, फॉस्फेट का नाही? फॉस्फेटचा पीकेए ७.२, आणि तापमानाने तो जेमतेम हलतो, त्या बाबतीत गुणी बाळ. पण माझा प्रयोग ट्रिप्सिनने (प्रथिनं तोडणाऱ्या विकराने) दूध निवळवण्याचा आहे. ट्रिप्सिनला स्थिर ठेवायला मी कॅल्शियम घालतो आणि फॉस्फेट त्याला धरून साका करून तळाशी बसवतं. शिवाय ८.० ला फॉस्फेटचा जोर संपत आलेला असतो. हेपीस हे आणखी एक बफर, मधला पर्याय. त्याचं सरकणं ट्रिसच्या निम्म्याने. पण पीकेए ७.५ च्या आसपास असल्याने ८ ला तेही कडेला जातं. ट्रिसची एक खोड मात्र लक्षात ठेवा: त्यात प्राथमिक अमाइन आहे, म्हणून अमाइनलाच जोडलं जाणारं ग्लुटारअल्डिहाइड वापरायचं असेल तिथे ते नकोच.

दुसरी खेप. आम्ल ८.६ पर्यंत घातलं, बीकर झाकून ठेवला आणि तापमापी २५° वर येईस्तोवर हात लावला नाही. तासभर गेला. मग थेंबाथेंबाने. मला ३७° ला ८.० हवा, म्हणून बारा अंशांचे ०.३४ मिळवून २५° ला ८.३४ हे लक्ष्य. पातळ केल्यावर ट्रिसचा पीएच थोडा घसरतो (दहापट पाण्याला साधारण ०.१), त्यामुळे शेवटची तपासणी ५० मिलिमोलर केलेल्या द्रावणावर केली, मूळ १ मोलर स्टॉकवर नाही.

दूध निवळून नळीमागे कागदावर काढलेली फुली दिसेपर्यंतचा वेळ मोजला. जुनी बाटली आणि नवी बाटली यांत फरक? खरं सांगायचं तर माझ्या घड्याळाला पकडता येईल असा नाही. ट्रिप्सिनला ८ च्या अलीकडे-पलीकडे फारसं वावडं नाही. फरक दिसला तो बफरच्या तीव्रतेत, म्हणजे तो किती मिलिमोलर आहे त्यात. पेप्टाइड बंध तुटताना या पीएचला प्रोटॉन सुटतात. १० मिलिमोलरच्या नळीत शेवटी पीएच ०.३ खाली गेला होता, ५० च्या नळीत ०.१ सुद्धा नाही. आकड्याच्या मागे लागून मी दोन दिवस घालवले आणि नळीत कामाला आली ती बफरची ताकद.

आता लेबल असं आहे: "ट्रिस ५० मिलिमोलर, २५° ला ८.३४, ३७° ला ८.०". तीच बाटली आज फ्रिजमधून काढून, मीटर गार प्रमाण द्रावणांवर लावून, ४° ला मोजली: ८.९. या वेळी मीटरला काही बोललो नाही.