गांडूळपेटी: मे महिन्याची नोंद, इंदूर

गांडूळखताची पेटी आधीचीच आहे. भाजीचे दोन जुने क्रेट एकावर एक, आतून शेडनेट, तळाशी नारळाच्या शेंड्या, खाली पाणी गोळा करायला परात. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. बदल केला आहे तो खाद्यात.

पेटीतली गांडुळाची जात, आयसेनिया फेटिडा, 15 ते 25 अंशांत खूश असते, 35 च्या वर तिचं काही खरं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 ओलांडतो. त्यात कच्चा ओला कचरा थेट पेटीत टाकला, की तो सडताना स्वतःही तापतो. थंडीत ही ऊब चालते, उन्हाळ्यात तीच जिवावर उठते. म्हणून सध्या सगळी सालं-देठं आधी मातीच्या माठात जातात: एक थर कचरा, एक थर सुका पाचोळा, वर मूठभर शेण. अधूनमधून हलवायचं, म्हणजे हवा लागते.

ही कल्पना आपल्या गावाचीच. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या प्लांट इंडस्ट्री संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, थरांच्या खताची रीत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. (वाडांचं नाव मात्र कुणी घेत नाही, हे मला खटकतं.) त्यांच्या मोठ्या ढिगाइतका ताप घरच्या माठात येत नाही, पण जो यायचा तो माठातच येऊन जातो. हात घातल्यावर गरम लागेनासं झालं आणि आंबट वास गेला, की गांडुळांना वाढायचं.

आता ती पेटीच्या काठाला चढून पळायला बघत नाहीत, आणि घातलेलं भराभर संपतं.

आंब्याची सालं उत्तम. कोयी नकोत, त्या तशाच राहतात. कलिंगडाच्या सालीला फार पाणी सुटतं, तिच्यासोबत फाडलेला पुठ्ठा हवाच. पोह्यांच्या बशीत उरलेली शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) पेटीत अजिबात नको, मीठ गांडुळांना सोसत नाही. ते महापालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत, तिथे त्याचा गॅस तरी होईल. आमच्याकडे अंडी आणत नाहीत, म्हणून टरफलांच्या भुकटीऐवजी चिमूट-दोन चिमूट बारीक वाळू घालते. गांडुळाला दात नाहीत, त्याच्या पोटात दळण होतं ते अशाच कणांनी.

पेटी उत्तरेच्या व्हरांड्यात आहे, वर ओलं गोणपाट. पेटीतलं मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत, धार नको.

उष्णता सोसणारी आफ्रिकन गांडुळं, यूड्रिलस, आणा, असं बरेच जण सुचवतात. पण माळव्यात जानेवारीच्या रात्री 10 अंशांखाली जातात आणि यूड्रिलसला थंडी झेपत नाही. मी फेटिडावरच राहणार.

खालचा क्रेट पावसाआधी चाळायचा आहे. साबुदाण्याहून लहान, पिवळसर कोष चाळणीवर राहतील ते वरच्या क्रेटमध्ये परत टाकायचे. एकेका कोषातून बहुधा दोन-तीन पिल्लं निघतात. खत कुंडीच्या मातीत पाचवा हिस्सा पुरे, मोगऱ्यालासुद्धा.

कुणाला कल्चर, म्हणजे सुरुवातीची थोडी गांडुळं, हवं असेल तर पाऊस पडल्यावर न्या. आत्ताच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून ती जिवंत पोचणार नाहीत.